कानाचा उपास

“फिरतंय तोवर हात लावायचा नाही. कितीही वेळ लागो. समजलं का, नेवेना?”

समजलं, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले, चर्चमध्ये बसते तसे. समोर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरत होतं. एक ठिपका पुढे, बाकीचे त्याच्या मागे, आणि पुढचा पोचला पोचला म्हणेपर्यंत सगळे मिळून पुन्हा पहिल्या जागी. पहाटे तिनं नेहमीसारखा पवित्र मातेच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा लावला होता, रोजचं स्तोत्र म्हटलं होतं, आणि स्वयंपाकघराकडे जाताना मेतोदीच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येताना पाहून ती तिकडे वळली होती. त्या खोलीत उजेड असायचं कारणच नव्हतं. मेतोदी मागच्या हिवाळ्यात गेला. त्याचा कॉम्प्युटर तिनं कधी बंद केला नव्हता, कारण तो बंद कसा करतात हे तिनं शिकून घेतलं नव्हतं, आणि खरं म्हणजे शिकायचं नव्हतं. काळा पडदा, कोपऱ्यात एक बारीक पिवळा दिवा, आणि दिवसातून कधीतरी, कुणी न बोलावता, आतला पंखा सुरू व्हायचा. दीर्घ श्वास घेऊन कुणी कूस बदलावी तसा. ती त्या वेळी भाजी चिरत असली तर सुरी थांबवायची. पंखा थांबला की पुन्हा चिरायला लागायची. आज मात्र ते यंत्र आपलं आपण उठून बसलं होतं आणि पडद्यावर लिहून दाखवत होतं की अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.

बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं. रुसे शहरात या दिवसांत डॅन्यूब नदी आपली जागा सोडून रस्त्यावर येते, बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवला की ओला होतो, आणि बंदरावरचा भोंगा कुठून वाजला ते कळत नाही. जिन्यात प्रत्येक मजल्यावरून आंबत घातलेल्या कोबीच्या पिंपांचा वास येत होता. ख्रिस्तजन्माच्या आधीचा उपास सुरू झालेला, त्यामुळे तिनं दुपारी नुसतं घेवड्याचं सूप घेतलं, तेही वाडगं मांडीवर घेऊन, त्या कड्यासमोर बसूनच. मध्येच पडदा काळा व्हायचा. मग पुन्हा तेच कडं, खाली एक ओळ: दुरुस्तीची तयारी करत आहे. पुन्हा काळं. पुन्हा कडं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसं ते बसणं होतं, आणि त्या बसण्याची तिला सवय होती. फरक इतकाच की माणसाच्या उशाशी बसलं की त्याच्या कपाळावर हात ठेवता येतो. इथे हात लावायचा नव्हता.

आतमध्ये त्याचा आवाज होता. कविता म्हणून नव्हे, खरोखरच होता. घशाच्या ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधल्या वाणीशिक्षिकेनं त्याला वाक्यांचे कागद दिले होते. घरी बसून वाचा, रेकॉर्ड करून ठेवा, पुढेमागे यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल अशी सोय करता येते, असं ती म्हणाली होती. मेतोदी खोलीचं दार लावून घ्यायचा आणि संध्याकाळभर वाचायचा. नेवेनाला भिंतीपलीकडून नुसती कुजबुज कळायची, शब्द नाही. मग ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक राहिलं, आणि यंत्राकडून बोलून घ्यायची कल्पना त्यानं हात झटकून उडवून लावली. तो हसायचा तेव्हा खांदे हलायचे फक्त. चिठ्ठ्या लिहायचा. तेवढ्यावर त्यांचा संसार आणखी काही महिने चालला, वाईट चालला असंही नाही. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर, मृताच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची वाटी हातात असताना, तिनं मनाशी नेम धरला: वर्षश्राद्धापर्यंत ते ऐकायचं नाही. जिभेचे उपास ती लहानपणापासून करत आली होती. हा कानाचा. पाद्रीबाबांना सांगितलं तेव्हा ते दाढीतून म्हणाले, “असा नियम कुठे सांगितलेला नाही, बाई. पण धरलाच आहेस तर निभाव.” वर्षश्राद्ध आता आलं होतं. गहू आणून ठेवला होता. गेलेल्या माणसाच्या नावाचा कागद दारावर लावतात, त्याला कुठला फोटो द्यायचा तेही ठरलं होतं. आणि आज हे.

संध्याकाळ व्हायच्या आत झ्द्रावका वर आली. झ्द्रावका मेतोदीची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावर राहते, आणि दार वाजवणं तिला माहीत नाही.

“वहिनी, दिवे का नाही लावलेस? आणि हे काय, सिनेमा बघतेयस?”

“अपडेट होतंय.”

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

“सकाळपासून! अगं, एवढ्या वेळात माणूस बाळंत होतं. बंद करून पुन्हा लाव. माझा टीव्ही असाच रुसतो, मी प्लग उपटते, मुकाट्यानं सुरू होतो.”

“नको. फिरतंय तोवर हात लावायचा नाही. मेतोदीनं सांगितलंय.”

“मेतोदीनं कधी सांगितलं?”

“हॉस्पिटलातून घरी आणल्यावर. इथेच. या खुर्चीत बसून म्हणाला, फिरतंय तोवर हात लावायचा नाही, कितीही वेळ लागो, समजलं का, नेवेना?”

नेवेनानं मान वळवून पाहिलं. नणंद दारातच उभी होती, एक हात कोटाच्या बटणावर.

“वहिनी,” ती हळू म्हणाली, “हॉस्पिटलातून आणल्यावर तो कसा म्हणेल?”

कडं फिरत होतं. म्हणाला नव्हता. तो म्हणूच शकला नसता. त्यानं लिहिलं होतं, औषधाच्या खोक्याच्या आतल्या बाजूला, तिरक्या अक्षरात, आणि ‘समजलं का’च्या खाली रेघ ओढून खोकं तिच्या नाकासमोर हलवलं होतं. मग हा आवाज कुणाचा? कारण ती वाक्य आठवत नव्हती, ती ऐकत होती. खर्जातला, जरासा खरखरीत, शांत, एकेक शब्द ठेवत जाणारा आवाज. गॅस बंद केलास का, म्हणणारा. बाहेर निसरडं आहे, सांभाळ, म्हणणारा. वर्षभर तो तिच्याशी बोलत होता आणि वर्षभर तिनं त्याचं सगळं ऐकलं होतं. आता तिनं मुद्दाम मागे जाऊन पाहिलं: लग्नाच्या दिवशी तो काय म्हणाला होता? त्याच खर्जात म्हणाला. तेव्हा तो पंचविशीतला होता. पंचविशीतल्या मुलाला असा आवाज नसतो. म्हणजे कुणीतरी सगळ्या आठवणींमधून हिंडून, जिथे जिथे तो बोलला होता तिथे तिथे त्याचा आवाज काढून घेऊन दुसराच बसवला होता, आणि हे इतक्या बेमालूम केलं होतं की ती त्याच घरात राहत असून तिला पत्ता नव्हता. तिनं खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला. अंधारात पायानं जिन्याची पुढची पायरी शोधावी आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं.

तेवढ्यात झ्द्रावका टेबलाखाली वाकली होती. “घाबरू नको, टीव्हीसारखंच असतं,” एवढं ऐकू आलं आणि पडदा विझला. पंखा विझला. कोपऱ्यातला पिवळा दिवासुद्धा विझला, जो या सगळ्या दिवसांत एकदाही विझला नव्हता. प्लग पुन्हा घातल्यावर यंत्रानं एक ओळ दाखवली, कडं दाखवलं, मग काळा पडदा, आणि मग काहीच नाही. “रुसलंय,” झ्द्रावका म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. नेवेना तिला रागावली नाही. ती कुणालाच रागावत नसे, आणि आत्ता तर तिला स्वतःच्या मनात एक अशी गोष्ट दिसली होती की दुसऱ्यावर रागवायचा हक्कच उरला नव्हता. यंत्र विझलं त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. आता खरा आवाज कधी ऐकावा लागणार नाही. खोटा तरी आपला राहील.

त्या हायसं वाटण्याची तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताना लाज वाटली, आणि म्हणूनच तिनं इस्क्राला फोन केला. इस्क्रा पलीकडच्या इमारतीच्या तळघरात कॉम्प्युटर दुरुस्त करते, तिशी ओलांडलेली, केस पुरुषासारखे कापलेले, मोठ्यानं बोलणारी. ती आली ती बूट दारात काढून मोज्यांनिशी खोलीत शिरली, आणि तिच्या मागोमाग झ्द्रावकाही, उपास नसलेल्या माणसाच्या हक्कानं सॉसेज घातलेला पाव खात.

“बोला मावशी, काय काय आहे आत?”

“मेतोदीचा आवाज.”

इस्क्रानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं बोलायची थांबली. “कॉपी दुसरीकडे कुठे?”

“नाही.”

“प्लग मी काढला,” झ्द्रावका घास गिळून म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर शोध लावल्यासारखं नको करायला.”

“तुमच्यामुळे नाही झालं, ताई. सकाळपासून तेच तेच दाखवत होतं म्हणता ना? म्हणजे अपडेटच घशात अडकलंय. आधीच. चला, पहिल्यांदा नवरीचे दागिने उतरवू.” तिनं प्रिंटरची वायर काढली, स्पीकरची काढली, मेतोदीनं स्वतः जोडलेली एक निनावी वायर काढली. सगळं काढून उरलं ते नुसतं खोकं, पडदा आणि की-बोर्ड. मग चालू केलं. कडं फिरायला लागलं, आणि इस्क्रानं बटणावर अंगठा ठेवला.

“काय करतेस?” नेवेना म्हणाली.

“मध्येच तोडायचं. फिरता फिरता. दोनतीनदा असं केलं की ते घाबरून स्वतःच विचारतं, बाई गं, काय बिघडलंय? मग दुरुस्तीची पाटी पुढे येते.”

“फिरतंय तोवर—”

“ठाऊक आहे, मावशी, लिहिलेलं असतं. पण आता दुसरा दरवाजा नाही.”

फिरतंय तोवर हात लावायचा नाही, असं खर्जातला आवाज म्हणाला, अगदी कानाशी. नेवेनानं डोळे मिटले. तिला एकदम कळलं की आपण आजवर कुणाचं ऐकत आलो आणि आत्ता कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न आहे. आणि जो आवाज यंत्राच्या आत आहे त्याच्यासाठी, जो कानात आहे त्याचं म्हणणं मोडावं लागणार आहे. “दाब,” ती म्हणाली. इस्क्रानं दाबलं. पडदा विझला. नेवेनानं छातीवर क्रूसाची खूण केली. पुन्हा चालू, पुन्हा कडं, पुन्हा अंगठा. प्रत्येक वेळी ती खूण करत राहिली आणि झ्द्रावकानंही शेवटच्या वेळी पाव डाव्या हातात घेऊन केली. मग पडदा निळा झाला आणि त्यावर काही चौकोन आले.

“शाबास,” इस्क्रा यंत्राला म्हणाली. “आता नवं अपडेट काढून टाकायचं, जुनं होतं तसं राहू द्यायचं. पासवर्ड मागतंय.”

हे नेवेनाला ठाऊक होतं. मेतोदीनं तेही लिहून दाखवलं होतं: पासवर्ड म्हणजे तुझं नाव. इस्क्रानं नाव टाइप केलं. चूक. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं. चूक. सगळं लहान, सगळं मोठं. चूक, चूक.

“तुझं नाव म्हणजे नेवेनाच ना?” झ्द्रावका म्हणाली. “की लाडाचं काही होतं? बायकोला सांगायचं एक आणि यंत्राला सांगायचं दुसरं, पुरुषांचं काही सांगता येत नाही.”

“ताई, तुम्ही जरा चहा टाकता का?” इस्क्रा म्हणाली.

झ्द्रावका गेली, पण बोलणं खोलीत ठेवून गेली. नेवेना त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होती. तुझं नाव. तिला वाटायला लागलं, तुझं म्हणजे कुणाचं? चिठ्ठ्या तो सगळ्यांसाठी लिहायचा, नर्ससाठी, डॉक्टरसाठी, आणि त्या सगळ्या एकाच खिशात असायच्या. कधी कधी चुकून आधीच्या माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी पुढच्याला दाखवायचा. एकदा तिला दाखवली होती, ‘लघवीला त्रास नाही’, आणि दोघंही हसली होती. मग ‘तुझं नाव’ हे कुणाला दाखवायचं होतं? इतक्या वर्षांच्या संसाराचा हिशेब एका चौकटीत यावा आणि यंत्रानं म्हणावं, चूक, हे नाव इथे नाही. भिंतीपलीकडे झ्द्रावकानं किटली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजासरशी नेवेना भिंतीच्या त्या बाजूला गेली, म्हणजे मनानं गेली, स्वयंपाकघरात, रोज सकाळी ती उभी असायची तिथे. मेतोदी उठून खोलीत जायचा, खुर्ची करकरायची, आणि मग तो पासवर्ड टाइप करायचा. दोन बोटांनी. ती रोज ऐकायची. टक, टक, टक, टक. कुठे अडखळणं नाही, घाई नाही; एक इकडचं, एक तिकडचं, एक इकडचं, एक तिकडचं, कुणीतरी लांबच्या खोलीतून सावकाश चालत येतंय असं. तो गेल्यावरही कित्येक सकाळी तिला ते चालणं ऐकू आलं होतं, आणि तिनं ते भूत समजून त्याच्यासाठी प्रार्थना केली होती.

“इस्क्रा,” ती म्हणाली, “माझं नाव तू की-बोर्डच्या कुठल्या मांडणीनं टाकलंस?”

“म्हणजे उच्चाराच्याच. न जिथे, एन तिथे. इथे या पडद्यावर आपल्या लिपीतली अक्षरं चालतच नाहीत, इंग्रजीच. का?”

“मी टाइपरायटरवर शिकले.”

नगरपालिकेच्या कचेरीत ती आयुष्यभर टंकलेखिका होती. तिथली मांडणी वेगळी. अक्षरं आपल्या मूळ जागी बसलेली, इंग्रजीशी त्यांना देणंघेणं नाही. कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांनी उच्चाराची मांडणी धरली. मेतोदीनंही धरली आणि तिची थट्टा करायचा: “तुमची मांडणी म्हणजे सरकारी कचेरी. कोण कुठे बसलंय ते फक्त शिपायाला माहीत.” पण तिच्या बोटांना एक गोष्ट ठाऊक होती जी तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, सांगण्यासारखी वाटलीच नव्हती: त्या जुन्या मांडणीत तिचं नाव उजव्या हातानं सुरू होतं, मग डावा, मग उजवा, मग डावा, शेवटपर्यंत. एकही हात दोनदा लागोपाठ येत नाही. उच्चाराच्या मांडणीत असं होत नाही, तिथे नाव लंगडतं. नवा टाइपरायटर आला की रिबन बघायला मुली काहीबाही टाइप करायच्या, ती आपलं नाव करायची, कारण ते चालायचं.

इस्क्रा उठली. नेवेना मेतोदीच्या खुर्चीत बसली, बोटं की-बोर्डवर ठेवली आणि खाली न बघता, टाइपरायटरवरच्या जागा धरून, नाव टाइप केलं. इस्क्रानं चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून ठिपक्यांमागची इंग्रजी अक्षरं उघडी करून पाहिली. “केलेक्द,” तिनं वाचलं. “हा काय शब्द आहे, मावशी?”

“नाव आहे,” नेवेना म्हणाली आणि बटण दाबलं.

चौकट गेली. पुढची पाटी आली.

म्हणजे तो रोज सकाळी खुर्चीत बसून, आपली सोपी मांडणी बाजूला ठेवून, तिच्या कचेरीतल्या एकेका खुर्चीवर तिला शोधत होता. दोन बोटांनी. चिडवता चिडवता शिकला होता तेवढंच एक नाव. तिला रडू आलं नाही. पुढचं सगळं इस्क्रानं केलं. काय काढलं, काय ठेवलं, ते नेवेनाला दिसत होतं आणि कळत नव्हतं. कडं पुन्हा फिरलं, बराच वेळ फिरलं, झ्द्रावकानं वाळवलेल्या फुलांचा चहा आणून ठेवला तो निवला, आणि मग एकाएकी पडद्यावर नदी आली. मेतोदीनं बाल्कनीतून काढलेला फोटो, पलीकडचा रुमानियाचा काठ, त्यावर विखुरलेली फाइलींची बारीक चित्रं.

“हे बघा. ‘आवाज’ म्हणून फोल्डर आहे. फाइली दिसतायत सगळ्या,” इस्क्रा म्हणाली, आणि थांबली. “मावशी, दिसतायत म्हणजे धड आहेत असं नाही. कधी कधी नाव राहतं आणि आतलं जातं. एखादी उघडून बघायला हवी. आत्ता कळलं तर काही करता येईल. नंतर अवघड.”

“तिचा नेम आहे,” झ्द्रावका म्हणाली. आश्चर्य म्हणजे तिनं हे थट्टेनं म्हटलं नाही. “वर्षश्राद्धापर्यंत ऐकायचं नाही म्हणून.”

“मग मी एकटी ऐकते, कानात घालून? तुम्ही दोघी बाहेर बसा. धड आहे की नाही एवढंच सांगते.”

किती सोपी वाट होती. नेम राहिला असता, काम झालं असतं. नेवेनानं खिडकीकडे पाहिलं; धुक्यात समोरची इमारत नव्हती. परक्या पोरीनं आधी ऐकायचा, आणि आपण बाहेर बसून विचारायचं, कसा आहे आवाज? आणि तोवर हा खर्जातला कानात बोलत राहणार, आणि आपण त्याला मेतोदी म्हणत राहणार. उपास कशासाठी धरला होता? त्याच्यासाठी, असं ती समजत होती. आता तिला दिसलं की तो भीतीनं धरला होता, आणि भीतीला देवापुढे नेऊन तिचं नाव नेम ठेवलं होतं. ती मनातल्या मनात क्षमा मागून म्हणाली, “लाव. मोठ्यानं लाव.”

इस्क्रानं स्पीकरची वायर पुन्हा जोडली. आधी खुर्चीची करकर आली. मग जिभेचा एक चट् आवाज, टाळूला लागून सुटणारा. बोलायला लागण्याआधी तो नेहमी जीभ अशी वाजवायचा, आणि हे ती साफ, मुळापासून विसरली होती. मग आवाज आला: “टेबलावर सफरचंदं आहेत. खिडकी उघडी आहे. उद्या पाहुणे येणार आहेत.” पातळ आवाज. नाकातून किंचित, घाईचा, शब्दांची शेपटं खाणारा, नदीकाठच्या खेड्यातल्या माणसाचा. खर्ज कुठेच नव्हता. झ्द्रावकानं तोंडावर हात ठेवला. “आमचा दादा,” ती म्हणाली. नेवेना ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हा कोण? आणि त्याच वेळी तिच्या पाठीला, खांद्यांना, हाताच्या तळव्यांना तो कोण ते माहीत होतं. कान तेवढा परका राहिला होता. हळूहळू, अनोळखी पाहुण्यासमोर दार किलकिलं करावं तसा तोही उघडला. “मी रोज सकाळी फिरायला जातो. आमच्या घरी मांजर नाही.” इथे तो स्वतःशीच हसला, आवाजासकट.

मग रेकॉर्डिंगमध्ये फोन वाजला. इस्क्रानं थांबवायला हात पुढे केला, नेवेनानं तो धरला.

“हां, बोला ग्रोझदानकाका,” मेतोदी म्हणाला, वाक्यांचा कागद बाजूला सारल्याचा आवाज करत. “झाला, झाला तुमचा रेडिओ. नवा झालाय. … नाही हो, तुम्ही कशाला जिने उतरताय त्या डोळ्यांनी. मी आणून देतो. … सोमवारी मला आत घेतायत, त्याआधी नाही जमलं तर नंतर. पण येणार. शब्द दिला म्हणजे दिला. … हो, नदीच्या पाण्याची पातळी सांगतात ते स्टेशन नीट लागतंय, मी ऐकून पाहिलं.” मग पुन्हा खुर्ची करकरली. “एक लक्षात ठेवा, काका. नंतर आलो तर मला बोलता येणार नाही. दाराशी ‘कोण’ म्हणून विचाराल, तर उत्तर येणार नाही. घाबरू नका. मी बोलणार नाही, पण रेडिओ बोलेल.” फोन ठेवल्याचा आवाज. जिभेचा चट् आवाज. “टेबलावर सफरचंदं आहेत.”

“पुरे,” नेवेना म्हणाली. “धड आहे.”

इस्क्रानं सगळं दुसऱ्या एका छोट्या डबीत उतरवून घेतलं, एक कॉपी इथे, एक तिथे, आणि उरलेल्या वायरी पुन्हा जोडायला लागली. नेवेना कपाटासमोर उभी राहिली. खालच्या फळीवर मेतोदीचे उघडे रेडिओ, पोटातून तारा बाहेर आलेले, तो गेल्यावर तिनं कापड टाकून झाकले होते आणि पुन्हा पाहिले नव्हते. कापडाखाली, अगदी मागे, एक शाबूत होता, सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेला, न्यायला तयार. ग्रोझदानकाका कोण ते तिला ठाऊक होतं. जुने बोटवाले, नजर गेलेली, बंदराच्या स्टेशनजवळ वरच्या मजल्यावर एकटे.

“लावून तरी बघ आधी,” झ्द्रावका म्हणाली. “इतके दिवस पडलाय.”

“तो म्हणाला ना झालाय म्हणून.”

“आणि म्हातारा असेल का अजून? दादापेक्षा किती मोठा तो.”

“नसला तर दारावर कागद असेल. वाचून परत येईन.”

“थांब, मी येते. जिने निसरडे आहेत.”

“नको गं. चहा पी तू.”

तिनं कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला. सवयीनं ती दारात क्षणभर थांबली, गॅस, दिवा, निसरडं, याविषयी कुणी काही सांगतंय का ते ऐकायला. कुणी सांगितलं नाही. कानात आत, खोल, कुठेच काही नव्हतं, वर्षभरात पहिल्यांदा. ते रिकामेपण तिला झोंबलं, आणि ते घेऊनच ती परत फिरून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस स्वतः पाहून आली. मग तिनं रेडिओ दोन्ही हातांनी उचलला. वाटला होता त्याहून जड होता. जिन्यात कोबीचा वास होता आणि खालच्या दारातून धुकं पहिल्या पायरीपर्यंत आत आलं होतं. दाराशी काका विचारतील, कोण? तिथे काय म्हणायचं ते ती पायरीगणिक पुटपुटत उतरू लागली, हळू, मग जरा मोठ्यानं, उजवा पाय, डावा पाय: “मी नेवेना. मेतोदीनं पाठवलंय.”